रॉथबरीच्या पुलाखाली

पहिल्याच दिवशी मॉरीन चार्लटनने मला गुडघ्यांवर बसवलं,
पुलाच्या दुसऱ्या कमानीखाली, ओल्या दगडापाशी,
आणि म्हणाली, हुंग.

न्यूकासलला मी दोन वर्षं काढली होती.
आलेख, सांख्यिकी, बँकेचं कर्ज, आणि एक प्रबंध
ज्याच्या एकशेदहा पानांत
एकही जनावर श्वास घेत नव्हतं.
इथे दगडावर बोटाच्या पेराएवढी काळी लेंडी,
माशांच्या बारीक काट्यांनी चमचमणारी.

हुंगली.
वाळत घातलेले सोडे. त्यांच्यामागे भिजलेलं गवत.
आणि त्याच्याही मागे काहीतरी गोडसर,
ज्याचं नाव जिभेवर येऊन माघारी गेलं.

"चमेलीचा चहा," मॉरीन म्हणाली, "सगळे तेच म्हणतात.
घाण वाटली तर समज मिंक आहे."
मी फॉर्मवर लिहिलं: कमान दोन. एक. ताजी.
वासाचा रकाना रिकामा ठेवला.

नोकरी हंगामी. ताशी बारा पौंड वीस.
पुढच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं: तीन वर्षांचा अनुभव आवश्यक.
तो कुठे मिळतो ते लिहिलेलं नसतं.
एप्रिलपासून एकेचाळीस पूल झाले,
पाणमांजर एकही दिसलेलं नाही.
मॉरीनला एकतीस वर्षांत एकोणीस दिसली,
त्यातली अकरा रस्त्यावर.

बारावं तिच्या गॅरेजमधल्या फ्रीझरमध्ये आहे,
वाटाण्याच्या पिशव्यांखाली. नर, साडेआठ किलो,
पायाला चिठ्ठी, मंगळवारी प्रयोगशाळेची गाडी येईल.
"हात लाव," ती म्हणाली.
मी पंजा धरला. बोटांमधला पडदा
बर्फाने ताठ झालेला, तरी पातळ,
पलीकडचा दिवा त्यातून दिसत होता.
मॉरीन वाटाणे पुन्हा नीट रचत राहिली,
जरा जास्तच वेळ.

रविवारी चिपळूणहून आईचा फोन.
ऑफिस कुठे आहे म्हणालीस?
पुलाखाली.
आणि करतेस काय?
लेंड्या मोजते.
"त्यासाठी विमानाचं तिकीट कशाला हवं होतं,
विचारेंच्या गोठ्यात कुणी अडवलं असतं का तुला?"
मग थोडं थांबून, कसल्या लेंड्या?
पाणमांजराच्या, आई. वेगळं असतं ते, नदीतलं.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.
"अगं, म्हणजे ऊद," आई म्हणाली.
"वाशिष्ठीत होते की. गोवळकोटला, मी सातवीत असेन,
जाळी फाडून मासे न्यायचे, भोई शिव्या घालायचे.
संध्याकाळी धक्क्यावरून ऐकू यायचे,
शीळ घातल्यासारखे."
पंचवीस वर्षांत तिने हे मला सांगितलं नव्हतं.
मीही कधी विचारलं नव्हतं, तू काय काय पाहिलंस म्हणून.

आता आहेत का गं तिथे?
"मला काय माहीत. मी कुठे जाते आता नदीवर."
आणि फोन ठेवता ठेवता,
"वास कसा येतो पण?"

ऊद.
निखाऱ्यावर टाकतात तोही ऊदच,
बाळंतिणीच्या खोलीत, धुरी द्यायला.
वास खरं तर तसा अजिबात नाही.
दोन शब्द चुकून एकाच दारातून आलेले, बस.
पण दुसऱ्या दिवशी त्रेचाळिसाव्या पुलाखाली
मी डोळे मिटून हुंगलं, आणि रिकाम्या रकान्यात
देवनागरीत लिहिलं: ऊद.

मॉरीनने चष्मा कपाळावर चढवला.
हे काय?
प्राण्याचं नाव, मी म्हटलं. आणि वासाचं.
वरिष्ठांना काय सांगायचं, तिने विचारलं नाही.
पेन्सिलीने शेजारी लिहिलं, जॅस्मिन,
माझं खोडलं मात्र नाही.

मग थर्मास बंद करून पुढे निघाली,
नेटल्स काठीने बाजूला सारत,
आणि वाऱ्यावर ऐकू येत होतं,
ऊड, ऊड, ऊ-ड्ड,
द काही केल्या जमत नव्हता.
मी तिच्या मागून, गुडघे ओले,
पुढच्या पुलाकडे. सप्टेंबरपर्यंत तरी.